मांसाचा थर्मामीटर : कोणता घ्यावा, कुठे खुपसावा आणि आकडा कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी ओव्हनमध्ये अख्खी कोंबडी भाजताना डायलच्या थर्मामीटरवर ७४ अंश दिसले म्हणून ती बाहेर काढली, पण कापल्यावर मांडीच्या हाडाजवळचे मांस कच्चे निघाले. तेव्हा थर्मामीटर बदलावा का, बदलायचा तर कोणता घ्यावा आणि तो नेमका कुठे व कसा खुपसावा? व्यावसायिक स्वयंपाकघरात अनेक वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, चुकीच्या आकड्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी बिघडलेले उपकरण नसते. उपकरण आपले काम चोख करत असते. ते भलत्याच जागेचे तापमान सांगत असते एवढेच. म्हणून खरेदीचा मुद्दा थोडा पुढे ढकलून, थर्मामीटरला तापमान नेमके कुठे कळते, तिथून सुरुवात करतो. पुढची सर्व तापमाने सेल्सिअसमध्ये आहेत.

डायलच्या थर्मामीटरच्या पोकळ सळईत दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकींना जोडलेली पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळून बसवलेली असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो आणि दुसरा कमी, त्यामुळे ती गुंडाळी पिळली जाते आणि वरचा काटा फिरतो. ही गुंडाळी केवळ टोकाशी नसते, तर टोकापासून साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वरपर्यंत पसरलेली असते. सळई उजेडात धरून फिरवून पाहिली तर बहुतेक थर्मामीटरांवर त्या उंचीला एक बारीकशी खळगी दाबलेली दिसेल; संवेदक भाग तिथे संपतो याची ती खूण आहे. ती खळगी मांसाच्या आत गेली नाही, तर काटा काही अंशी मांसाचे आणि काही अंशी ओव्हनमधल्या हवेचे तापमान दाखवतो.

आता हेच कोंबडीच्या मांडीला लावून पाहू. मांडीचा सर्वांत जाड भाग चार सेंटिमीटरांचा आहे असे समजा. सळई तिथे कशीही तिरपी घातली तरी संवेदक भागाचा बराचसा हिस्सा कातडीखालच्या थरात राहणार, जिथे मांस ८५ अंशांपर्यंत पोचलेले असू शकते, आणि टोक तेवढे आतल्या भागात जाणार, जिथे ते अजून ६३ वर रेंगाळत असेल. काटा या सगळ्याची सरासरी काढतो आणि ७४ दाखवतो. कोंबडीत ७४ अंश तापमान कुठे ना कुठे होतेच, पण जिथे ते हवे होते तिथे नव्हते. सळई मांडीऐवजी छातीत खुपसली असेल तर कारण आणखी साधे आहे : छाती मांडीच्या सांध्याच्या बरीच आधी तापते, आणि एका जागेचा आकडा दुसऱ्या जागेला लागू होत नाही.

तिसरी शक्यताही तपासून घ्यावी, ती म्हणजे मांस कच्चे नसून केवळ लालसर होते. कोवळ्या कोंबडीची हाडे सच्छिद्र असतात. त्यांच्यातल्या मज्जेचा रंग शिजताना बाहेर झिरपतो आणि हाडालगतचे मांस पूर्ण शिजूनही गडद लाल किंवा जांभळट दिसते. कोंबडी गोठवलेली असेल तर हे अधिक घडते. फरक ओळखायचा तो रंगावरून नाही, पोतावरून. कच्चे मांस अर्धपारदर्शक, बुळबुळीत असते आणि बोटाने दाबले तर रबरासारखे परत येते. शिजलेल्या मांसाचे धागे सुट्टे होतात आणि ते हाडापासून सहज निघते. अर्थात हा शहानिशा करण्याचा मार्ग झाला. निर्णय थर्मामीटरवरच सोडावा.

डिजिटल थर्मामीटरमध्ये संवेदक टोकाशी असतो, आणि घरगुती स्वयंपाकासाठी त्याचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या उपकरणांत बहुधा थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमानानुसार ज्याचा विद्युतरोध बदलतो असा बारीक मणी. त्याची संवेदक जागा टोकाच्या शेवटच्या सेंटिमीटरभरात असते आणि आकडा स्थिरावायला साधारण पाच ते दहा सेकंद लागतात. महागड्या उपकरणांत थर्मोकपल असतो. त्यात दोन भिन्न धातूंच्या तारा टोकाशी एकत्र जोडलेल्या असतात आणि जोड तापला की तारांमध्ये अगदी सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. हा परिणाम टोमास झेबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये नोंदवला होता. तो जोड इतका लहान असतो की आकडा दोन ते पाच सेकंदांत स्थिर होतो, आणि सळई एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर सरकवली तर आकडाही लगेच तिच्यामागे येतो.

माझा सल्ला स्पष्ट आहे. घरात एकच थर्मामीटर घ्यायचा असेल तर बारीक टोकाचा, झटपट आकडा देणारा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. तो थर्मोकपलचा असेल तर उत्तम, थर्मिस्टरचा असेल तरी काम चालते. सळईचे टोक दीड-दोन मिलिमीटरांपर्यंत निमुळते झालेले असावे, कारण जाड सळई स्वतः उष्णता वाहून नेते आणि पातळ तुकड्यात चुकीचा आकडा देते. वेष्टनावर दोन गोष्टी वाचाव्यात : अचूकता आणि मोजमापाची कक्षा. अचूकता अधिक-उणे एक अंश किंवा त्याहून चांगली असावी. पडद्यावर दशांशापर्यंत आकडा दिसतो म्हणजे उपकरण तितके अचूक असते असा समज सर्रास आढळतो, पण ६३.४ दाखवणारे उपकरण दोन अंशांनी चुकलेलेही असू शकते. कक्षा उणे २० पासून २५० ते ३०० पर्यंत असेल तर तोच थर्मामीटर तळणाच्या तेलासाठी आणि पाकासाठीही वापरता येतो.

पाण्यापासून संरक्षण हा मुद्दा दुकानात फारसा कुणी विचारत नाही, पण घरातले हे थर्मामीटर मरतात ते बहुधा धुतानाच. आयपी ६७ ही खूण असेल तर उपकरण मीटरभर खोल पाण्यात अर्धा तास टिकेल अशी त्याची चाचणी झालेली असते. आयपी ६५ असेल तर नळाच्या धारेखाली धुता येते, पण पाण्यात बुडवून ठेवू नये. कोणतीच खूण नसेल तर फक्त सळई धुवावी आणि वरचा भाग ओल्या फडक्याने पुसावा. अंधाऱ्या ओव्हनमध्ये डोकावताना पडद्यामागचा दिवा उपयोगी पडतो. ‘चिकन’, ‘बीफ’, ‘मिडियम’ असे आधीच ठरवून दिलेले पर्याय मात्र मी दुर्लक्षिण्याजोगे मानतो, कारण त्यामागचे तापमान कुणी कोणत्या हिशेबाने ठरवले हे उपकरण सांगत नाही. तापाचा थर्मामीटर या कामाला चालत नाही हे वेगळे सांगायला नको. त्याची कक्षा जेमतेम ३५ ते ४२ अंशांची असते.

नवा थर्मामीटर आणल्यावर पहिले काम त्याची परीक्षा घेण्याचे, आणि ती बर्फाच्या पाण्यात घ्यावी. उंच पेला बारीक केलेल्या बर्फाने काठोकाठ भरावा आणि मग बर्फाच्या फटी भरतील एवढेच गार पाणी घालावे. पाणी जास्त झाले की बर्फ वर तरंगतो आणि तळाशी चार अंशांच्या आसपासचे पाणी साचते, कारण पाणी त्याच तापमानाला सर्वांत जड असते. टोक तिथे गेले तर उत्तम थर्मामीटरही नापास होईल. मिश्रण ढवळून एक-दोन मिनिटे थांबावे, टोक मधोमध धरावे, पेल्याला किंवा बर्फाच्या मोठ्या खड्याला टेकू देऊ नये आणि हलके ढवळत राहावे. आकडा शून्याच्या एक अंश आत-बाहेर असावा.

उकळत्या पाण्याची परीक्षा दुय्यम मानावी, कारण पाणी १०० अंशांना उकळते ते समुद्रसपाटीला. उंची साधारण ३०० मीटरांनी वाढली की उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो, त्यामुळे दीड हजार मीटरांवर राहणाऱ्याच्या थर्मामीटरने ९५ दाखवले तर ते बरोबरच आहे. आपल्या जागेची उंची ठाऊक असेल तर ही दुसरी परीक्षाही जरूर घ्यावी, कारण शून्याला बरोबर असलेले उपकरण वरच्या टोकाला चुकू शकते आणि मांसाचा संबंध वरच्या टोकाशीच असतो.

डायलच्या थर्मामीटरचा काटा शून्यावर आणता येतो. डायलच्या मागे, सळई जिथे सुरू होते तिथे षटकोनी नट असतो. सळई बर्फाच्या पाण्यात खळगीपर्यंत बुडवून नट पान्याने धरायचा आणि काटा शून्यावर येईपर्यंत डायल फिरवायची. असा थर्मामीटर पडला किंवा आपटला की काटा पुन्हा हलतो, त्यामुळे ही तपासणी अधूनमधून करत राहावी लागते. काही डिजिटल थर्मामीटरांत अशी सोय बटणाने केलेली असते. ती नसेल आणि चूक दोन अंशांहून अधिक असेल, तर आधी सेल बदलून पाहावा. तरीही फरक पडला नाही तर ते उपकरण मांसासाठी वापरू नये. प्रत्येक वेळी मनातल्या मनात अडीच अंश वजा करण्याची सवय घाईच्या वेळी दगा देते.

आता खुपसण्याविषयी. इथे सविस्तर लिहितो, कारण सगळी मेख याच ठिकाणी आहे. मांसात आपल्याला शोधायचा असतो तो सर्वांत थंड बिंदू. तो बहुतेक वेळा सर्वांत जाड भागाच्या मध्याशी असतो, पण अगदी मध्यावर असेलच असे नाही. तव्यावर एका बाजूने जास्त वेळ शेकलेल्या तुकड्यात तो वरच्या बाजूला सरकलेला असतो. म्हणून टोक एकदा खुपसून दिसेल तो आकडा घेण्याऐवजी सळई मध्याच्या थोडी पलीकडे न्यावी आणि मग सावकाश मागे ओढत आकड्यावर नजर ठेवावी. भाजत आलेल्या कोंबडीच्या मांडीत हे केले तर आकडे काहीसे असे उतरताना आणि चढताना दिसतात : ७५, ७१, ६७, मग क्षणभर ६५, आणि ओढत राहिले की पुन्हा ६८, ७४, ८०. यातला ६५ हा त्या मांडीचा खरा आकडा. बाकीचे सगळे आकडे खरेच आहेत, पण निर्णयाला निरुपयोगी. झटपट आकडा देणारे उपकरण घ्यावे असे वर म्हटले ते याचसाठी, कारण दहा सेकंदांनी स्थिरावणाऱ्या थर्मामीटरने ही युक्ती करायची तर हात फार सावकाश ओढावा लागतो आणि तेवढ्यात ओव्हनचे दार उघडे राहून सगळे निवते.

हाड, चरबीचा जाड थर आणि पोकळी या तिन्हींपासून टोक दूर ठेवावे. यांतून उष्णता मांसापेक्षा वेगळ्या गतीने जाते, त्यामुळे हाडाला टेकलेले टोक खरा आकडा देत नाही. कधी तो जास्त असतो, कधी कमी. टोक हाडाला लागल्याचे हाताला कळते, तेव्हा सळई अर्धा-पाऊण सेंटिमीटर मागे घ्यावी. अख्ख्या कोंबडीत तीन ठिकाणी पाहावे : मांडीचा आतला भाग, जिथे ती धडाला जोडलेली असते, पंखाचा सांधा, आणि छातीचा सर्वांत जाड भाग. पोटात सारण भरलेले असेल तर सारणाचा मध्यही पाहावा, कारण कच्च्या कोंबडीचा रस त्यात उतरलेला असतो आणि ते सगळ्यांत शेवटी तापते. खिम्याची पॅटी, माशाचा तुकडा किंवा हाडविरहित छाती अशा पातळ गोष्टींत सळई वरून न घालता कडेने आडवी घालावी, म्हणजे टोकाला मध्य गाठायला पुरेशी लांबी मिळते. हातातला थर्मामीटर डायलचा असेल तर पातळ तुकड्यांसाठी हा एकच मार्ग उरतो, आणि तोही तुकडा सहा-सात सेंटिमीटर रुंद असेल तरच.

भोके पाडल्याने मांसाचा रस वाहून जातो ही भीती अनाठायी आहे. मांस म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी नव्हे. पाणी असंख्य स्नायुतंतूंमध्ये धरलेले असते आणि बारीक सळईने त्यातले अगदी थोडे तंतू फाटतात. रस जातो तो तापमान गरजेपेक्षा वर गेल्याने, आणि ते टाळण्यासाठीच आपण सळई खुपसत असतो.

कोणत्या आकड्याला थांबायचे, याबाबत अमेरिकेच्या कृषी विभागाची मर्यादा घरासाठी सोपी आणि सुरक्षित आहे. कोंबडी, बदक, टर्की अशा सर्व पक्ष्यांसाठी, मग ते अख्खे असोत, तुकडे असोत की खिमा, ७४, इतर प्राण्यांच्या खिम्यासाठी ७१, गाय, डुक्कर, मेंढी यांच्या मांसाच्या अखंड तुकड्यांसाठी ६३ आणि त्यानंतर किमान तीन मिनिटांचा विसावा, माशांसाठी ६३. डुकराच्या मांसाच्या अखंड तुकड्यांसाठी पूर्वी ७१ सांगितले जाई. २०११ मध्ये तो आकडा ६३ वर आणला गेला. जुन्या पाककृतींत त्यामुळे अजूनही मोठा आकडा सापडतो आणि त्याप्रमाणे केलेले मांस कोरडे होते.

खिम्यासाठी आकडा वेगळा का, हे समजून घेण्यासारखे आहे. अखंड तुकड्यावर जंतू असतात ते मुख्यतः पृष्ठभागावर, आणि पृष्ठभाग तव्यावर सहज शंभरच्या वर जातो. मांस दळले की तोच पृष्ठभाग आत सगळीकडे मिसळला जातो. १९९३ मध्ये अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७:एच७ या जंतूची साथ पसरली, सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. खिमा तपकिरी झाला म्हणजे शिजला, हा समजही इथेच सोडून द्यावा. हवेशी बराच काळ संपर्क आलेला खिमा ५५ ते ६० अंशांच्या आसपासच आतपर्यंत तपकिरी होऊ शकतो, तर दुसरा एखादा खिमा ७१ ओलांडूनही गुलाबी राहतो. सुयांनी टोचून मऊ केलेले मांसही या बाबतीत खिम्यासारखेच समजावे.

हे आकडे म्हणजे जंतू ज्या क्षणी मरतात ती जादूची रेषा मात्र नव्हे. जंतुनाश तापमान आणि वेळ या दोघांच्या मेळाने होतो. ब्रिटनची फूड स्टँडर्ड्स एजन्सी आतल्या भागासाठी ७० अंशांना दोन मिनिटे हे प्रमाण देते आणि त्याला समतुल्य म्हणून ६० अंशांना ४५ मिनिटे, ६५ ला १० मिनिटे, ७५ ला ३० सेकंद आणि ८० ला ६ सेकंद अशा जोड्या सांगते. अमेरिकी आणि ब्रिटिश आकडे वेगळे दिसतात ते या कारणाने. घरी रोज घड्याळ आणि थर्मामीटर दोन्ही सांभाळत बसण्यापेक्षा ७४ चा आकडा सोयीचा, कारण तिथे पोचल्यावर वेगळी वेळ मोजावी लागत नाही. पण छाती मध्यभागी ७१ वर असताना ओव्हनमधून काढली आणि ती पुढची काही मिनिटे ७० च्या वर राहिली हे थर्मामीटरनेच पाहिले, तर ती कच्ची नाही, हेही यातून कळते.

सुरक्षित आणि चविष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोंबडी हे त्याचे उत्तम उदाहरण. छाती ७४ च्या पुढे गेली की वेगाने कोरडी होऊ लागते. मांडी ७४ ला खाण्यास सुरक्षित असली तरी चिवट लागते. तिच्यातले कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट प्रथिन, विरघळून मऊ व्हायला ८० ते ८५ अंश लागतात. त्यामुळे अख्ख्या कोंबडीत मांडीचा आकडा छातीपेक्षा पुढे असायला हवा, आणि तो तसा यावा म्हणून मांड्यांची बाजू ओव्हनच्या अधिक तापलेल्या भागाकडे ठेवावी. मोठ्या जनावरांचे खांदा, छाती, पाय असे सतत काम करणारे स्नायू त्यांच्या इतर मांसापेक्षा कितीतरी चिवट असतात. ते ६३ ला सुरक्षित होतात, पण दाताखाली तुटायला ९० ते ९५ अंश आणि काही तासांचा वेळ मागतात. अशा मांसाबाबत शेवटचा निवाडा आकड्याने करू नये. सळई लोण्यात शिरावी तशी विनाअडथळा आत गेली की झाले. रश्श्यात शिजणाऱ्या तुकड्यांनाही हेच लागू आहे. उकळत्या द्रवात तुकडे शंभरच्या वर जाऊच शकत नाहीत, तिथे मऊपणा वेळेने येतो. प्रेशर कुकरमध्ये तर थर्मामीटरला कामच उरत नाही, कारण पूर्ण दाबाला आतले तापमान १२० अंशांच्या आसपास असते.

उलट टोकाला, अखंड तुकड्याचे जाड काप काही जण ५४ ते ५७ वर उतरवून आतून गुलाबी खातात. निरोगी प्रौढ माणसाने जाणूनबुजून केलेली ती निवड असते. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे अशांच्या ताटात मात्र वरच्याच मर्यादा पाळाव्यात.

मांस आचेवरून उतरवल्यानंतरही आतले तापमान चढत राहते, कारण बाहेरचा तापलेला थर आपली उष्णता आत पाठवत असतो. ही वाढ किती होईल ते तुकड्याच्या आकारावर आणि ओव्हनच्या तापमानावर ठरते. दोनशेच्या वर तापलेल्या ओव्हनमधला मोठा तुकडा बाहेर काढल्यावर पाच ते आठ अंशांनी चढू शकतो. ११०-१२० च्या मंद ओव्हनमधला एक ते तीन अंशांनी. पातळ काप जवळजवळ अजिबात चढत नाही. ‘नेहमी पाच अंश आधी काढा’ असा सरसकट नियम त्यामुळे मला पटत नाही. पहिल्या काही वेळा सळई मांसातच ठेवून आकडा कुठवर चढतो ते पाहावे आणि आपल्या ओव्हनचा, आपल्या नेहमीच्या आकाराच्या तुकड्याचा हिशेब लिहून ठेवावा.

मोठे तुकडे वरचेवर भाजत असाल तर दुसरा थर्मामीटर तारेचा घ्यावा. त्याची सळई सुरुवातीपासून मांसात राहते, तार ओव्हनच्या दारातून बाहेर येते आणि ठरवलेल्या आकड्याला गजर होतो. दार उघडावे लागत नाही हा त्याचा मोठा गुण. पण तो एकाच बिंदूचे तापमान सांगतो, आणि तो बिंदू आपण मांस कच्चे असताना अंदाजाने निवडलेला असतो. आकडा अपेक्षेपेक्षा भराभर चढू लागला तर टोक पृष्ठभागाजवळ आले आहे असे समजावे. गजर झाला की झटपट थर्मामीटरने आणखी दोन-तीन जागा तपासाव्यात आणि मगच मांस काढावे. सळई आणि तार जिथे जुळते तिथे पाणी शिरले की आकडे वेडेवाकडे येऊ लागतात, म्हणून तो सांधा कधीही पाण्यात बुडवू नये. तारेला उघडी ज्योत लागू देऊ नये. मंद आचेवर मोठा तुकडा ६५ ते ७५ च्या दरम्यान तासन्‌तास एकाच आकड्यावर अडून बसला तर थर्मामीटर बिघडलेला नसतो. पृष्ठभागावरून उडणारी वाफ मिळेल तेवढी उष्णता खाऊन टाकत असते.

बिनतारी सळयांचे आकर्षण मला समजते, पण त्यांची मर्यादा ओळखून घ्यावी. बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक भाग सळईतच असतात आणि ते जळण्यापासून वाचतात ते मांसाच्या ओलाव्यामुळे, म्हणून सळई तिच्यावरच्या खुणेपर्यंत आत गेलीच पाहिजे. लहान कोंबडीत किंवा पातळ तुकड्यात तेवढी जागा मिळत नाही. शिवाय ओव्हनच्या धातूच्या भिंती संदेश अडवतात, त्यामुळे वेष्टनावर लिहिलेले अंतर मोकळ्या मैदानातले समजावे.

बंदुकीसारखा धरून रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर मांसासाठी नाही. तो केवळ पृष्ठभागाचे तापमान वाचतो, आणि भाजलेल्या मांसाचा पृष्ठभाग आतल्या भागाविषयी काहीही सांगत नाही. तवा पुरेसा तापला का हे पाहण्यास तो चांगला आहे, पण चकचकीत स्टीलवर तो खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. तिथे तेलाचा पातळ थर देऊन मग पाहावे.

तुमचा डायलचा थर्मामीटर फेकून देण्याची गरज नाही. बर्फाच्या पाण्यात काटा शून्यावर आणून तो जाड, हाडविरहित, दहा सेंटिमीटरांहून मोठ्या तुकड्यांसाठी ठेवावा, जिथे खळगीपर्यंतचा सगळा भाग मध्याजवळ बसतो, आणि काटा थांबेपर्यंत वीस सेकंद धीर धरावा. त्याची काच आणि सळई ओव्हनमध्ये ठेवण्याजोगी आहे असे त्यावर स्पष्ट लिहिलेले नसेल तर तो आत ठेवून दार लावू नये. झटपट डिजिटल थर्मामीटर तर कधीच आत ठेवू नये. त्याचे प्लास्टिक वितळते.

वापरताना एक चूक फार सहज होते. अर्धवट शिजलेल्या मांसात खुपसलेली सळई तशीच बाजूला ठेवली जाते आणि दहा मिनिटांनी शिजलेल्या मांसात पुन्हा जाते. पहिल्या वेळी टोकाला लागलेले जंतू त्यामुळे तयार पदार्थात पोचतात. प्रत्येक मोजमापानंतर सळई साबणाच्या गरम पाण्याने धुवावी किंवा अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावी. उपकरणात सेल्सिअस आणि फॅरनहाइट बदलण्याचे बटण असेल तर खिशात किंवा ड्रॉवरमध्ये ते दाबले जाते. भाजायला सुरुवात करण्याआधी खोलीतल्या हवेचा आकडा पाहिला की ते लगेच ध्यानात येते.

उरलेले मांस पुन्हा तापवतानाही आकडा ७४ चाच. थंड करायचे ते लहान, उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे, कारण ४ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू वेगाने वाढतात. फ्रीज खरोखर ४ अंशांच्या खाली आहे का हेही त्याच थर्मामीटरने, आत ठेवलेल्या पेलाभर पाण्यात टोक बुडवून पाहता येते. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या पदार्थात एक कोपरा उकळत असताना दुसरा कोमटच राहतो. तेव्हा मधेच एकदा ढवळावे, बाहेर काढल्यावर झाकून दोन मिनिटे ठेवावे, मग तीन-चार ठिकाणी टोक घालावे आणि त्यांतला सर्वांत कमी आकडा ७४ ला पोचला नसेल तर पुन्हा तापवावे.